‘देखणा, पण पोकळ’ : ‘बॉम्बे वेल्वेट’वरील एका शेऱ्याची फेरतपासणी

माझ्याकडे २०१५ सालची एक वही आहे. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटावर त्याच रात्री चार ओळी लिहायच्या, ही सवय मला कॉलेज अर्धवट सुटल्यापासून लागली, ती आजतागायत टिकून आहे. या वहीत मे महिन्यातल्या एका पानावर ‘बॉम्बे वेल्वेट’ असे नाव आहे आणि खाली लिहिले आहे : ‘देखणा, पण पोकळ. सेट उत्तम, गाणी उत्तम, गोष्ट नाही. अनुराग कश्यपकडून ही अपेक्षा नव्हती.’ पुढे आमच्या नालासोपाऱ्यातल्या वाचकांच्या एका छोट्या बैठकीत मी याच वाक्यांचा वीस मिनिटे विस्तार केला. लोकांनी माना डोलावल्या. मलाही आपण काही मोलाचे बोललो असे वाटले.

नंतर जुनी कात्रणे गोळा करण्याच्या माझ्या नादात या चित्रपटावरची परीक्षणे जमत गेली. मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तिन्ही भाषांतली. त्यांत काही अपवाद आहेत, चित्रपटाच्या बाजूने उभी राहिलेली परीक्षणेही आहेत. पण बहुतेकांचा सूर माझ्या वहीतल्यासारखाच. शब्द निराळे, शेरा तोच. एवढी माणसे एकमेकांना न विचारता एकाच निष्कर्षाला पोहोचली, तर तो निष्कर्ष बरोबर असण्याचा संभव मोठा. तरीही गेली काही वर्षे मला तो खुपतो आहे. या लेखात तो तपासून पाहायचा आहे.

आधीच सांगून टाकतो, हा चित्रपट थोर होता आणि समीक्षकांना कळला नाही, असे मला सिद्ध करायचे नाही. चित्रपट सदोषच आहे. माझी तक्रार त्या शेऱ्यातल्या ‘पण’ या शब्दाबद्दल आहे.

चित्रपट आणि त्याचे दोष

‘बॉम्बे वेल्वेट’ १५ मे २०१५ रोजी प्रदर्शित झाला. त्याचा आधार प्रिन्स्टन विद्यापीठातले इतिहासकार ज्ञान प्रकाश यांचे ‘मुंबई फेबल्स’ (२०१०) हे पुस्तक. पटकथेच्या लेखकांतही ते स्वतः होते. फाळणीनंतर मुंबईत येऊन पडलेला बलराज हा पोरगा, त्याचा जिवाभावाचा मित्र चिमन, गोव्याहून आलेली जॅझ गायिका रोझी आणि बलराजला ‘जॉनी’ करून स्वतःच्या क्लबचा चेहरा बनवणारा धनाढ्य कैझाद खंबाटा, ही मुख्य पात्रे. रणबीर कपूर, सत्यदीप मिश्रा, अनुष्का शर्मा आणि करण जोहर यांनी ती केली. मुख्य कथानक १९६० च्या दशकाच्या अखेरचे. क्लबच्या आड खंबाटाचे खरे उद्योग चालतात. शहराच्या महापौराला अडकवणाऱ्या छायाचित्राच्या निगेटिव्हज कोणाच्या हाती आहेत, यावर सगळी ओढाताण. कारण महापौर हातात असला, तर समुद्रात भराव घालून जी नवी जमीन उभी राहायची आहे, ती हातात.

दोष उघड आहेत. जॉनी आणि रोझीच्या प्रेमाला धग नाही. एकमेकांसाठी मरायला निघालेली ही दोन माणसे एकमेकांत काय पाहतात, हे आपल्याला कळत नाही. रोझी मेल्याचा बनाव आणि मग तिची जुळी बहीण म्हणून तिचेच परत येणे ही युक्ती पन्नाशीतल्या एखाद्या स्वस्त रहस्यपटात खपली असती. जॉनीचे स्वप्नही उसने आहे. राउल वॉल्श यांचा ‘द रोअरिंग ट्वेंटीज’ (१९३९) थिएटरात पाहून त्याला ‘बिग शॉट’ व्हायचे वेड लागते, आणि शेवटी दोन्ही हातांत मशीनगन घेऊन तो सूड उगवायला निघतो, तेव्हा आपण मुंबईत आहोत की जुन्या हॉलिवूडच्या स्टुडिओत, असा प्रश्न पडतो. समीक्षकांनी हे सगळे दाखवून दिले, आणि त्यात काही चुकीचे नव्हते.

देखणेपणाबद्दलही एकमत झाले. श्रीलंकेत उभारलेली जुनी मुंबई, तिथल्या ट्रॅम, पाट्या, मोटारी. राजीव रवी यांचे छायाचित्रण. अमित त्रिवेदी यांचे संगीत, ज्यातली बहुतेक गाणी नीती मोहन यांनी जुन्या क्लबगीतांची लकब अचूक पकडून गायली आहेत. ‘सीआयडी’ (१९५६) चित्रपटासाठी केलेले आणि तेव्हा पडद्यावर येऊ न शकलेले एक गाणे नव्या साजात इथे ऐकू येते, ते जुन्या चित्रपटांच्या शौकिनांना सुखावून गेले. संकलकांत मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या चित्रपटांच्या संकलक थेल्मा स्कूनमेकर यांचे नाव होते. इतका साज आणि आत इतके कमी, असा तो निकाल.

मग तिकीटबारीचा आकडा आला. मोठ्या खर्चाचा चित्रपट सपाटून पडला. दुसऱ्याच शुक्रवारी, २२ मेला, ‘तनू वेड्स मनू रिटर्न्स’ आला आणि लोक तिकडे वळले. इथून पुढे ‘बॉम्बे वेल्वेट’विषयी जे काही लिहिले गेले, त्यात चित्रपट मागे पडला आणि आपटी पुढे आली. बजेट किती, बुडाले किती, दिग्दर्शक गर्विष्ठ झाला का, करण जोहरला खलनायक का केले. एखादा चित्रपट पडला की तो का पडला याचे उत्तर चित्रपटातच सापडले पाहिजे असे आपण धरून चालतो, आणि सापडलेला पहिला दोष उत्तर म्हणून पुढे करतो. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’चे (१९५९) हेच झाले होते. तो सावरायला पुढे दोन-अडीच दशके लागली.

एक टोपली तरी दाखवा

माझा शेरा डळमळला तो कुठल्या पुस्तकामुळे नव्हे. वडिलांमुळे.

बाबा परळच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा मी सहावीत होतो. संप मिटला असे कोणी कधी जाहीर केले नाही. तो आमच्या घरात हळूहळू संपला. १९८७ मध्ये पागडीची खोली विकून आम्ही नालासोपाऱ्याला आलो. आमच्यासारखी हजारो घरे त्या दहा-पंधरा वर्षांत लोकलच्या मार्गाने भाईंदर, नालासोपारा, विरारकडे सरकली. दादर मागे पडले तसे भाडे उतरत गेले आणि प्रवास वाढत गेला.

२०१८ च्या जुलैत वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, मिठागरांकडच्या वस्त्यांतली माणसे अडकली, आमच्या इमारतीचा तळमजला गेला. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी, एका रविवारी दुपारी टीव्हीवर ‘बॉम्बे वेल्वेट’ लागला होता. बाबा आरामखुर्चीत बसून पाहत होते. त्यांना चित्रपटात फारसा रस नसे, पण जुनी मुंबई दिसली म्हणून थांबले. तासाभराने म्हणाले,

“हे सगळे समुद्र बुजवायच्या गोष्टी करतायत. पण बुजवतो कोण? दगड कुठून येतो, रेती कोण काढतो? एक टोपली तरी दाखवा.”

मी म्हटले, “बाबा, हा गँगस्टरचा सिनेमा आहे.”

“मग? गँगस्टर काय हवेत उभा राहतो?”

ते बोलून त्यांनी चॅनेल बदलले. मी मात्र त्या दिवशी वही काढून माझ्या ओळी पुन्हा वाचल्या. ‘गोष्ट नाही’ असे मी लिहिले होते. गोष्ट होती. ती जमिनीची होती, आणि मला ती दिसलीच नव्हती. प्रश्न असा, की मला ती का दिसली नाही?

भरावाची गोष्ट

बॅकबेच्या भरावाचा इतिहास कुठल्याही गँगस्टरपटापेक्षा रंगतदार आहे. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत समुद्र हटवून जमीन करण्याची मोठी योजना हाती घेतली गेली. खर्च फुगला, काम रखडले, समुद्र आत घातलेला गाळ परत घेऊन जाऊ लागला. वकील आणि काँग्रेसचे पुढारी खुर्शेद नरिमन यांनी या योजनेतल्या भ्रष्टाचारावर जाहीर आरोप केले. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि नरिमन तो जिंकले. लोकांनी त्या योजनेला लॉइडचा मूर्खपणा म्हणायला सुरुवात केली. पुढे स्वातंत्र्यानंतर भरावाचा नवा टप्पा झाला आणि त्यातून जी सर्वांत महाग जमीन निघाली, तिला नाव दिले नरिमन पॉइंट. ज्याने भरावातली लबाडी उघड केली, त्याचेच नाव भरावाला. मुंबईला असा विनोद सहज जमतो.

याच काळात दुसरी एक कल्पना पुढे आली होती. दक्षिण टोकाला आणखी भर घालण्याऐवजी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असा आराखडा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबई झालीही. पण नरिमन पॉइंटचे मनोरे थांबले नाहीत. म्हणजे ‘बॉम्बे वेल्वेट’ ज्या वर्षांत घडतो, ती वर्षे मुंबईने कुठे वाढायचे आणि कोणासाठी वाढायचे, हे ठरण्याची वर्षे होती. ज्ञान प्रकाश यांच्या पुस्तकात भरावाचा हा इतिहास तपशिलाने आहे, आणि तो चित्रपटाच्या कथानकात उतरला आहे. गुन्हेगारीचा खरा माल दारू नव्हे, सोने नव्हे, जमीन आहे, हे इतक्या मोठ्या खर्चाच्या हिंदी गँगस्टरपटाने कथानकाच्या मध्यभागी ठेवावे, ही लहान गोष्ट नव्हती. बहुतेक परीक्षणांत ती एका वाक्यात, कथासार सांगताना, येऊन गेली. माझ्या चार ओळींत तर तीही नाही.

बाबांचा प्रश्न याच्या पुढचा होता. भराव म्हणजे नुसती परवानगी आणि निगेटिव्ह नव्हे; भराव म्हणजे दगड, माती, रेती, आणि ती वाहणारी माणसे. आमच्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, कांदिवलीच्या टेकडीची माती आणि दगड बॅकबेत गेले. मुंबईच्या इमारतींसाठी लागणारी रेती वर्षानुवर्षे आमच्या वैतरणेच्या खाडीतून निघाली. होड्यांवरून बुडी मारून बादलीने रेती काढणारे डुबीवाले इथल्या लोकांनी पाहिले आहेत. आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत भराव आमच्या दारात आला. खाजणे बुजली, मिठागरे बुजली, पाणी वाहून नेणारे नाले इमारतींखाली गेले. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा आमच्यासारख्या नव्याने आलेल्यांना तो आपला प्रश्न वाटला नव्हता. आम्हाला स्वस्तात खोली हवी होती. ती भरावावर होती. २०१८ चे पाणी त्या हिशेबाची वसुली करून गेले.

‘पण’ कुठे पडतो

आता त्या शेऱ्याकडे परत जाऊ. ‘देखणा, पण पोकळ’ असे म्हणताना आपण गृहीत धरतो की देखणेपण आणि पोकळपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका खात्यात जमा, दुसऱ्या खात्यात नावे. सेट-डिझायनर, छायाचित्रकार आणि संगीतकार उत्तीर्ण, पटकथाकार नापास. ही वाटणी मराठी वाचकाला फार सोयीची पडते, कारण आपण तिच्यात वाढलो. फडके कलावादी, खांडेकर जीवनवादी; एकाकडे तंत्र, दुसऱ्याकडे तळमळ. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये हा प्रश्न किती खोल नेला, तरी शुक्रवारच्या परीक्षणात आपण पुन्हा ‘आशय’ आणि ‘मांडणी’ असे दोन रकाने आखतोच. मीही आखले.

या सवयीतून बाहेर पडायला मला अरुण खोपकर यांच्या ‘गुरु दत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) या पुस्तकाने मदत केली. प्रकाश कुठून येतो, कॅमेरा माणसाच्या किती जवळ जातो, गाणे कुठल्या क्षणी सुरू होते, यातच चित्रपट काय म्हणतो ते असते, हे त्यांनी दृश्यामागून दृश्य घेऊन दाखवले आहे. मी ते पुस्तक कितीतरी आधी वाचले होते. ‘बॉम्बे वेल्वेट’ पाहताना मात्र ते आठवले नाही.

आठवले असते तर विचारले असते : या चित्रपटाचा कॅमेरा उभा कुठे आहे? तो क्लबमध्ये उभा आहे. रंगमंच, काचेचे पेले, धूर, मखमल, गायिकेच्या चेहऱ्यावरचा झोत. शहर दिसते ते क्लबच्या पायऱ्यांवरून किंवा मोटारीच्या काचेतून. गरीब वस्ती आहे, पण ती नायकाचे बालपण सांगण्यापुरती. मजूर दिसलाच तर पार्श्वभूमीला. भराव ही सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट. ती डोळ्यांना जाणवेल अशी कधी होत नाही. ज्या जमिनीसाठी इतके खून पडतात, तिचा चिखल कोणाच्या बुटाला लागल्याचे मला तरी आठवत नाही.

आणि हे पटकथेपुरते नाही. ही शैलीची निवड आहे. दिग्दर्शकाने हॉलिवूडच्या जुन्या गुन्हेगारी चित्रपटांचा डोळा उसना घेतला, आणि त्या डोळ्याला क्लब दिसतो, भराव दिसत नाही. प्रेमकथेत धग नाही, कारण जॉनी ज्याच्यासाठी धडपडतो ते आपल्याला जाणवतच नाही. त्याचे ‘बिग शॉट’ होणे आपल्याला पोरकट वाटते, कारण त्याच्या पायाखालची जमीन आपण पाहिलेली नाही. समीक्षकांनी मोजलेले दोष एकेक सुटे नव्हते. एका मुळाला फुटलेले ते फाटे होते. म्हणून शेरा लिहायचाच तर ‘देखणा, पण पोकळ’ असा लिहून चालत नाही. तो ज्या तऱ्हेने देखणा आहे, तिनेच त्याला पोकळ केले. एक दिग्दर्शक ‘ब्लॅक फ्रायडे’मध्ये (२००७) हेच शहर गल्लीबोळांतून, धापा टाकत दाखवू शकला होता, म्हणून ही निवड अधिक जाणवते.

लंडनच्या गोद्या, परळच्या गिरण्या

गँगस्टरपटाला जमीन दाखवता येत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून एका ब्रिटिश चित्रपटाकडे बोट दाखवतो. जॉन मॅकेन्झी यांचा ‘द लाँग गुड फ्रायडे’. तो १९७९ मध्ये चित्रित झाला, निर्मात्यांच्या वादात अडकला आणि ब्रिटनमध्ये सर्वत्र लागला तो १९८१ मध्ये. बॉब हॉस्किन्स यांनी केलेला हॅरल्ड शँड हा लंडनच्या ईस्ट एन्डमधला टोळीप्रमुख. त्याला ओस पडलेल्या गोद्यांची जमीन विकसित करायची आहे. पैसा अमेरिकी माफियाचा, परवानगी खिशातल्या नगरसेवकाची. एका दृश्यात तो थेम्स नदीतल्या बोटीवर उभा राहून पाहुण्यांना लंडनच्या भवितव्यावर भाषण देतो, मागे टॉवर ब्रिज. भाषण टोळीवाल्याचे आहे आणि कुठल्याही विकास प्राधिकरणाच्या माहितीपत्रकात शोभेल असे आहे. आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना त्या रिकाम्या गोद्या, बंद वखारी आपल्याला दिसत राहतात. ज्या वर्षी चित्रपट लागला, त्याच वर्षी त्या गोद्यांच्या पुनर्विकासासाठी सरकारी महामंडळ स्थापन झाले. दहा वर्षांत तिथे कॅनरी व्हार्फचा मनोरा उभा होता.

हा चित्रपटही निर्दोष नाही. सुरुवातीचा बराच भाग कोड्यासारखा आहे, आयरिश बंडखोरांचा धागा ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. पण तो सजलेला असूनही पोकळ वाटत नाही. पटकथालेखक बॅरी कीफ ईस्ट एन्डचे, तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदारी केलेले नाटककार होते. त्यांना ती जमीन ठाऊक होती.

ब्रिटिश समीक्षेतून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. माइक हॉजेस यांचा ‘गेट कार्टर’ (१९७१) आला तेव्हा तिथल्या बऱ्याच समीक्षकांना त्यातली थंड हिंसा किळसवाणी वाटली. नंतरच्या पिढीने त्याला अभिजात ठरवले. पण ही उलटापालट करताना काहींनी त्यातली स्त्रियांशी असलेली क्रूर वागणूकही ‘शैली’ म्हणून खपवली. फेरविचाराचा हा धोका आहे. एक शेरा पुसून दुसरा लिहिला म्हणजे समीक्षा झाली असे होत नाही.

कीफ यांच्याबद्दल वाचताना मला जयंत पवार आठवत राहिले. तेही पत्रकार, नाटककार, गिरणगावातच वाढलेले. शिवाय स्वतः समीक्षक. त्यांच्या ‘अधांतर’ नाटकातल्या धुरी कुटुंबात संपानंतर एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटमध्ये रमतो, नरू टोळीत जातो. त्यावरून महेश मांजरेकर यांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ केला. हिंदीत ‘सिटी ऑफ गोल्ड’. त्याला जो शेरा मिळाला, तो ‘बॉम्बे वेल्वेट’च्या नेमका उलट : आशय मोलाचा, पण मांडणी भडक. विषयाचे आणि अभिनयाचे कौतुक, आरडाओरड, रक्त आणि धीट दृश्ये यांवर नापसंती.

हा शेराही मी तेव्हा मान्य केला होता, आणि आजही त्यातला काही भाग मान्य आहे. नाटकात जे चार भिंतींत घुसमटते, ते चित्रपटात छपराला फाडून ओरडते. काही प्रसंग प्रेक्षकाला खूश करण्यासाठीच आहेत. पण इथेही ‘पण’ घाईने टाकला गेला. चाळीत माणसाला एकांत नसतो. भांडण, प्रेम, आजारपण, सगळे शेजाऱ्याच्या कानावर. बारा बाय दहाच्या खोलीत संपाचे दुसरे वर्ष काढणारी माणसे हळू आवाजात बोलत नाहीत. आम्ही बोलत नव्हतो. त्या चित्रपटाचा भडकपणा काही ठिकाणी बाजारू आहे आणि काही ठिकाणी नेमका आहे. कुठे कुठला, हे दृश्य घेऊन दाखवणे हे समीक्षेचे काम होते. ‘मांडणी भडक’ या दोन शब्दांत ते काम झाल्यासारखे वाटले आणि राहून गेले.

गिरण्यांच्या जमिनीचे पुढे काय झाले ते वाचकांना माहीत आहे. १९९१ च्या नियमाने जमिनीचे भाग पाडून एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला असे ठरले. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि बांधकामाखालची सगळी जमीन मालकांकडे राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. एका नियमातल्या एका शब्दाने इतके हलवले. यात मशीनगन कुठेही नाही. म्हणूनच कदाचित यावर देखणा चित्रपट काढणे अवघड असावे.

शेवटी

मग ‘बॉम्बे वेल्वेट’विषयी माझे आजचे मत काय? तो अपयशी चित्रपट आहे. पण त्याच्या अपयशात शिकण्यासारखे आहे, आणि ते आपण तेव्हा शिकलो नाही. त्याला मुंबईची खरी गोष्ट सापडली होती. ती त्याने चुकीच्या जागेवरून पाहिली. आपण समीक्षकांनी आणि माझ्यासारख्या हौशी लिहिणाऱ्यांनी तीच जागा पकडली, क्लबमधल्या खुर्चीत बसून सेटची वाहवा केली आणि गोष्ट नाही म्हणून तक्रार केली. २०१७ मध्ये अशिम अहलुवालिया यांचा ‘डॅडी’ आला. भायखळ्याच्या दगडी चाळीभोवती फिरणारा, जाणीवपूर्वक मळकट रंगांत घडवलेला. तेव्हाही वातावरणाचे कौतुक आणि विस्कळीत पटकथेबद्दल नाराजी, अशीच वाटणी झाली. ती पटकथा निरनिराळ्या माणसांच्या आठवणींतून का तुटत-जुळत जाते, हा प्रश्न फारसा पुढे गेला नाही.

आमच्यासारख्यांसाठी हा निव्वळ अभिरुचीचा वाद नाही. ज्यांच्या आयुष्यावर जमिनीच्या व्यवहारांनी वळण लादले, त्यांना त्या व्यवहारांवरचे चित्रपट वाचता आले पाहिजेत. नाहीतर आपल्याच गोष्टीचे तिकीट काढून आपण तिच्या फर्निचरवर चर्चा करून परततो. मी तेच केले होते. आणि माझी चूक दाखवून दिली ती सातवीनंतर शाळा सोडलेल्या माणसाने, टीव्हीचा रिमोट हातात असताना.

बाबा २०२१ मध्ये गेले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जयंत पवारही गेले. या लेखासाठी वही पुन्हा काढली तेव्हा जुन्या ओळी खोडाव्याशा वाटल्या, पण खोडल्या नाहीत. त्यांच्याखाली तारीख घालून एवढेच लिहिले : ‘भराव कोण घालतो, हे दाखवलेले नाही. मीही विचारले नव्हते.’